तीस दिवसांचं सामान

जून १९७५. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांच्या हाती पडून दीड महिना झाला होता. जुन्या राजवटीतले लष्करी अधिकारी आणि वरच्या हुद्द्यावरचे सरकारी नोकर यांच्यासाठी नव्या सत्तेनं फर्मान काढलं: ‘पुनर्शिक्षणा’साठी नेमल्या ठिकाणी हजर व्हा. येताना कपडे, मच्छरदाणी, वही-पेन, रोजच्या वापराच्या वस्तू आणि महिनाभर पुरेल इतकं अन्न, नाहीतर तेवढे पैसे आणा. साध्या शिपायांना तीन दिवस सांगितले होते, खालच्या अधिकाऱ्यांना दहा दिवसांचं सामान आणि वरच्यांना तीस दिवसांचं. लोकांनी त्यावरून हिशेब मांडला. महिनाभराचा वनवास, मग घर.

त्रुओंग न्हू तांग यांचे दोन भाऊ या तीस दिवसवाल्यांत होते. दोघंही जुन्या सरकारच्या सेवेत होते. तांग यांनी दोघांना गाडीत घेतलं आणि हजेरीच्या ठिकाणी नेऊन सोडलं. त्यात जोखीम आहे असं त्यांना वाटलं नाही, कारण ते स्वतः जिंकलेल्या बाजूचे होते. नुसते त्या बाजूचे नव्हे, दक्षिण व्हिएतनामच्या हंगामी क्रांतिकारी सरकारचे न्यायमंत्री होते.

तीस दिवस झाले. भाऊ आले नाहीत. कोणाचाच भाऊ आला नाही. तांग यांनी सरकारप्रमुख हुइन तान फात यांना गाठलं. फात यांनी दिलेलं उत्तर तांग यांनी पुढे नोंदवून ठेवलंय: तीस दिवसांचं सामान आणा, एवढंच फर्मानात होतं, शिक्षण तीस दिवसांत संपेल असं त्यात कुठेही म्हटलं नव्हतं.

फात पेशानं वास्तुविशारद, तांग वकील. शब्दाचा कीस मात्र वास्तुविशारदानं काढला.

बंडखोराचा मंत्री झाला आणि मंत्र्याचा निर्वासित, अशी ही गोष्ट वरवर सरळ दिसते. मला तिच्यात एकाच प्रश्नानं धरून ठेवलंय. तांग न्यायमंत्री होते म्हणजे नेमके काय होते? त्यांच्या हातात काय होतं? सायगॉन पडल्यावर काय निसटलं, की मुळात हातात काही नव्हतंच?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे असलेली या प्रकरणाची माहिती मोठ्या प्रमाणात तांग यांच्याच तोंडची आहे. १९८५ साली त्यांचं आत्मकथन इंग्रजीत आलं, ते पॅरिसमध्ये राहत असताना. लेखनात दोन सहलेखक होते. त्यांतला एक अमेरिकी आणि दुसरा नव्या राजवटीच्याच तुरुंगात राहून आलेला व्हिएतनामी. हरलेल्या माणसानं परमुलखात, परक्या वाचकांसाठी सांगितलेली ही कैफियत आहे. म्हणून जिथे तारखा, फर्मानं आणि सरकारी नोंदी तिला दुजोरा देतात तिथे मी ती घट्ट धरलीय. बाकी ठिकाणी ‘तांग म्हणतात’ असं समजून वाचावं.

काकांची भेट

तांग यांचा जन्म १९२३ चा, सायगॉनला लागून असलेल्या चो लोनमधला. घर सुखवस्तू. वडिलांचा रबराचा मळा होता, छापखाना होता. सहा मुलगे. आजोबांनी नातवंडांना कन्फ्यूशियसच्या परंपरेतले पाच सद्गुण घोकून घेतले, शाळेत फ्रेंच, घरात शिस्त. कोणी काय शिकायचं हे वडील ठरवायचे. तांग यांच्या वाट्याला औषधशास्त्र आलं. त्यासाठी त्यांना पॅरिसला पाठवलं.

१९४६ च्या उन्हाळ्यात व्हिएतनामी स्वातंत्र्यलढ्याचे कम्युनिस्ट नेते हो ची मिन्ह फ्रान्समध्ये होते. फोन्तेनब्लोला स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालल्या होत्या. व्हिएतनामी विद्यार्थ्यांना त्यांनी भेटायला बोलावलं, त्यात तांगही गेले. खोलीत सगळे सूट-टायवाले. समोर एक काटकुळे गृहस्थ, अंगात विटलेला बंद गळ्याचा कोट, पायात रबरी चपला. त्यांनी मुलांना सांगितलं, मला अध्यक्ष म्हणू नका, ‘बाक हो’ म्हणा. व्हिएतनामी भाषेत ‘बाक’ म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. नातं सांगायला त्या भाषेत शब्दांची जी उतरंड आहे, तिच्यात ही निवड साधी नव्हे. वडिलांच्याही वरचा माणूस झाला तो. वडील जे ठरवतील ते ऐकायची सवय असलेल्या घरातला मुलगा एका दुपारी थोरल्या काकांच्या पंखाखाली गेला.

औषधशास्त्र सुटलं, राज्यशास्त्र सुरू झालं. घरून पैसे बंद झाले, पहिला संसारही त्यात मोडला. श्रीमंताघरचा हा मुलगा पॅरिसच्या खानावळीत बटाटे सोलायला आणि भांडी घासायला शिकला. नंतर कायद्याची पदवी घेतली आणि मायदेशी परतला. तिथल्या तरुणपणीच्या कम्युनिस्ट ओढीबद्दल तांग फार बोलत नाहीत. आपण राष्ट्रवादी होतो, असं ते पुन्हा पुन्हा सांगतात. मला ते पटतं, पण एका अटीवर. ज्या माणसानं आयुष्यातली पहिली बंडखोरी दुसऱ्या वडीलधाऱ्यासाठी केली, त्याला बंडखोर म्हणताना जरा थांबावं.

दिवसा साखर

फ्रेंचांची सत्ता संपवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानं देश सतराव्या अक्षांशावर दुभंगला. देशभर निवडणुका १९५६ मध्ये व्हायच्या होत्या, त्या झाल्या नाहीत. (कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हे आपण विसरूनच गेलोय.) दक्षिणेत न्गो दिन्ह दिएम यांची राजवट दिवसेंदिवस आवळत गेली. १९५९ चा दहावा कायदा तर गावोगाव फिरणाऱ्या खास न्यायालयांचा. देहदंड, अपील नाही, आणि सोबत गिलोटिन. वकील, डॉक्टर, शिक्षक असा जो शहरी वर्ग फ्रेंचांच्या काळात घडला होता, त्याला या राजवटीत जागा उरली नाही. तांग या वर्गातले. नोकऱ्या मात्र उत्तम: आधी एका बँकेत हिशेबनियंत्रक, पुढे राष्ट्रीय साखर कंपनीचे महासंचालक. दिवसा साखरेचे भाव, रात्री बंद दाराआडच्या बैठका.

२० डिसेंबर १९६० ला राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली. शत्रू तिला व्हिएतकाँग म्हणू लागले, जगात तेच नाव रूढ झालं. स्थापनेच्या बैठकीला तांग हजर होते. आघाडीचा जाहीरनामा पाहिला तर त्यात समाजवादाची घोषणा सापडत नाही. सगळ्या वर्गांचं सरकार, अलिप्त परराष्ट्र धोरण, एकीकरण टप्प्याटप्प्यानं आणि वाटाघाटीनं, असा मजकूर आहे. झेंडाही वेगळा: वर लाल, खाली निळा, मध्ये पिवळा तारा.

आता तारखा मागेपुढे करून पाहा. दक्षिणेत शस्त्र उचलायला मोकळीक देणारा ठराव हनोईतल्या, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या राजधानीतल्या, कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीनं जानेवारी १९५९ मध्ये केला. दक्षिणेत व्यापक आघाडी उभारायची हे पक्षाच्या सप्टेंबर १९६० च्या अधिवेशनात ठरलं. डिसेंबरची बैठक त्यानंतरची. म्हणजे सायगॉनचे वकील-डॉक्टर ज्या इमारतीची कोनशिला बसवत होते, तिचा नकाशा तीन महिने आधी हनोईत मंजूर झाला होता. तांग यांना हे अजिबात ठाऊक नव्हतं असं नाही. उत्तरेची मदत लागणार, पक्षाची माणसं आत असणार, हे त्यांना कळत होतं. त्यांचा अंदाज असा होता की आघाडी पक्षाला वापरून घेईल. पक्षाचाही अंदाज तोच होता, फक्त उलट्या दिशेनं.

आघाडीला तांग यांच्यासारख्यांची गरज का होती, हे समजायला त्यांचं व्हिजिटिंग कार्ड पुरेसं आहे. पॅरिसचा पदवीधर, साखर कंपनीचा प्रमुख, बड्या घरचा मुलगा. असा माणूस सोबत आहे म्हटल्यावर पॅरिसच्या, दिल्लीच्या, स्टॉकहोमच्या वर्तमानपत्रवाल्यांना सांगता यायचं की ही दक्षिणेच्या लोकांची स्वतःची उठावणी आहे. ते खोटंही नव्हतं. तेवढंच खरं होतं, असं मात्र नव्हतं.

सहापैकी एक

पहिली अटक १९६५ मध्ये. आत्मनिर्णयाच्या मागणीसाठी त्यांनी एक उघड चळवळ काढली होती, त्यावरून. सुटले आणि पुन्हा साखर कंपनीत गेले. दुसरी अटक जून १९६७ मध्ये, आणि ती साधी नव्हती. पकडल्या गेलेल्या एका कार्यकर्त्यानं नावं ओकली होती. छळ झाला. पत्नीनं लाच चारून त्यांना त्यातल्या त्यात बऱ्या कोठडीत हलवून घेतलं.

तुरुंगात वडील भेटायला आले. या भेटीबद्दल तांग यांनी जे लिहिलंय ते माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. वडील रागावले नाहीत. घरदार, पैसा, सुख सोडून तू कम्युनिस्टांच्या मागे गेलास, म्हणाले. सोडलेल्यातला कणभरही ते तुला परत देणार नाहीत, तुला दगा देतील आणि जन्मभर भोगशील. मुलानं उत्तर दिलं की बाबा, तुम्हाला सहा मुलगे आहेत, त्यांतला एक देशाच्या स्वातंत्र्यासाठी गेला असं समजा.

मुलाचं वाक्य सुंदर आहे, वडिलांचं खरं ठरलं. आणि हिशेबही चुकला. सहापैकी एक म्हणता म्हणता १९७५ च्या जूनमध्ये तीन झाले, वरचे दोन गाडीतून पोचवणारा हाच एक.

१९६८ च्या सुरुवातीला, तेत सणात आघाडीनं आणि उत्तरेनं दक्षिणेतल्या शहरांवर एकदम हल्ला चढवला तेव्हा, तांग कोठडीतच होते. त्यानंतर अमेरिकी युद्धकैद्यांच्या बदल्यात काही आघाडीवाल्यांना सोडण्याचा गुप्त व्यवहार झाला, त्यात त्यांचं नाव होतं. हेलिकॉप्टरनं त्यांना शहराबाहेर सोडलं, तिथून ते जंगलात गेले. घर सुटलं ते तेव्हा.

याच तेतच्या हल्ल्यात हुए शहर पंचवीस-एक दिवस आघाडीच्या आणि उत्तरेच्या फौजांकडे होतं. ते सुटल्यावर सामूहिक खड्ड्यांतून साधारण २,८०० प्रेतं निघाली. जंगलात तांग यांनी फात यांना याबद्दल विचारलं. फात यांनी खेद व्यक्त केला, शिस्त सुटली असं सांगितलं. तांग यांनी ते उत्तर घेतलं आणि विषय तिथे संपला. तांग यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण ती या पानावर अडखळते. सात वर्षांनी भावांबद्दल विचारताना त्यांना जे उत्तर मिळालं, ते याच तोंडून, याच सुरात आलं होतं. पहिल्या वेळी ते चाललं.

जंगलातलं मंत्रिमंडळ

हंगामी क्रांतिकारी सरकार ८ जून १९६९ ला जाहीर झालं. प्रमुख फात, परराष्ट्रमंत्री न्गुयेन थी बिन्ह, आरोग्यमंत्री डॉ. दुओंग क्विन होआ, न्यायमंत्री तांग. राजधानी म्हणाल तर कंबोडियाच्या सीमेलगतचं रान. झोपायला झाडांना बांधलेली झोळी, अंगात काळा पायजमा-सदरा, पायात टायर कापून केलेल्या चपला. जेवायला भात, खारवलेली मासळी, माशांच्या अर्काचं न्योक माम. कधी वानर, कधी हत्तीचं मांस. दिव्यावर येणारे मोठे पतंग पंख काढून ज्योतीवर भाजून खायचे, ही चैन. मलेरिया प्रत्येकाला.

आणि वरून बी-५२, अमेरिकेची बाँबफेकी विमानं. विमानं इतक्या उंचावरून यायची की दिसायची नाहीत, ऐकूही यायची नाहीत. एकदम जमीनच उसळायची. किलोमीटरभरावर पडलेल्या बाँबनंही कानाचे पडदे फाटत. बरेचदा आधी सूचना मिळायची, कारण ही विमानं जिथून उडायची त्या ग्वाम बेटाच्या आसपास समुद्रात सोव्हिएत टेहळणी जहाजं उभी असत आणि विमानं उडाल्याची खबर तिथून फिरत फिरत जंगलात पोचायची. एकदा सोव्हिएत पाहुण्यांचंच शिष्टमंडळ तळावर असताना हल्ला झाला. सगळे वाचले, पण पाहुण्यांची थरथर थांबेना आणि विजारी ओल्या झाल्या होत्या. यजमानांपैकी कोणी हसलं नाही. सगळ्यांचं ते होऊन गेलेलं होतं.

१९७० च्या मार्चमध्ये कंबोडियात सत्तापालट झाला आणि पाठीमागची वाटही धोक्यात आली. सगळं मंत्रिमंडळ पावसापाण्यात, चिखलातून, गोळीबार चुकवत कंबोडियाच्या आत सरकलं. डॉ. होआ तेव्हा गरोदर होत्या. बाळ जंगलातच झालं. पुढे ते दगावलं.

या सगळ्यात न्यायमंत्र्याला काम काय? न्यायालयं नाहीत, तुरुंग नाहीत, वकीलपत्रं नाहीत. मुक्त भागात निवाडे होत असतील ते पक्षाच्या आणि सैन्याच्या लोकांकडून. तांग यांचं खातं म्हणजे उद्याच्या सायगॉनसाठी राखून ठेवलेली खुर्ची होती. ते खोटं खातं होतं असं मी म्हणणार नाही. परदेशांशी बोलताना त्या खुर्चीला मोल होतं. जाहीर झाल्यापासून थोड्याच काळात वीसेक देशांनी या सरकारला मान्यता दिली. न्गुयेन थी बिन्ह यांनी २७ जानेवारी १९७३ ला पॅरिस करारावर चार पक्षांपैकी एक म्हणून सही केली. त्या करारात एका राष्ट्रीय सलोखा परिषदेची तरतूद होती: एक हिस्सा सायगॉन सरकारचा, एक क्रांतिकारकांचा आणि एक तिसऱ्या, तटस्थ लोकांचा. तांग यांच्या डोक्यातला दक्षिण व्हिएतनाम होता तो हाच. परिषद कधी बसलीच नाही.

आपल्याकडे त्या काळात कोलकात्याच्या भिंतींवर ‘तोमार नाम, आमार नाम, व्हिएतनाम’ होतं, आणि अमेरिकी वकिलात ज्या रस्त्यावर आहे त्याला हो ची मिन्ह यांचं नाव दिलं गेलं. मराठी डाव्या वर्तुळांतही व्हिएतनाम म्हणजे एकच व्हिएतनाम होता. लाल-निळा झेंडा आणि नुसता लाल झेंडा यांत फरक आहे, आणि कोणीतरी त्या फरकावर आयुष्य लावून बसलंय, हे इतक्या लांबून कोणाला दिसणार.

आमच्या तुकड्या कुठे आहेत?

३० एप्रिल १९७५ ला सायगॉन पडलं. १५ मे ला विजयसंचलन झालं. व्यासपीठावर हनोईचे नेते, सेनापती व्हान तिएन झुंग, आणि हंगामी सरकारचे मंत्री. समोरून रणगाडे गेले, तोफा गेल्या, नव्या कोऱ्या गणवेशातल्या उत्तरेच्या पलटणी गेल्या. सगळ्यात शेवटी आघाडीच्या काही तुकड्या आल्या, विस्कळित, आणि त्यांच्या हातात लाल-निळा झेंडा नव्हता. उत्तरेचा होता.

तांग यांनी शेजारच्या सेनापतींना विचारलं, आमच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या तुकड्या कुठे आहेत? झुंग म्हणाले, सैन्याचं एकीकरण झालंय. केव्हापासून, तांग म्हणाले, असा निर्णय तर झालेला नाही. झुंग यांनी उत्तर दिलं नाही. रस्त्याकडे तोंड वळवलं, आणि ओठांवरचं उपहासाचं हसू त्यांना लपवता आलं नाही.

संवाद असाच झाला की आठवणीनं त्याला धार लावली, कोण जाणे. पण प्रश्न कोणी कोणाला विचारला ते महत्त्वाचं आहे. एका सार्वभौम म्हणवणाऱ्या सरकारचा मंत्री स्वतःच्या सैन्याचा ठावठिकाणा दुसऱ्या देशाच्या सेनापतीकडे मागत होता.

पुढच्या वर्षभरात जे झालं ते वेगानं झालं. नोव्हेंबर १९७५ मध्ये सायगॉनला एकीकरणाची बोलणी बसली. उत्तरेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख त्रुओंग चिन्ह, दक्षिणेच्या शिष्टमंडळाचे फाम हुंग. हे फाम हुंग हनोईच्या पॉलिट ब्यूरोचे सदस्य होते. वराकडचे आणि वधूकडचे एकाच घरातले, मग बैठकीत घासाघीस होणार कशी. एप्रिल १९७६ मध्ये निवडणूक, २ जुलैला एकीकरणाची घोषणा. हंगामी सरकार त्या दिवशी संपलं. सायगॉनचं हो ची मिन्ह शहर झालं.

खातं गेलं कुठे

भावांच्या प्रकरणानंतर तांग हातावर हात ठेवून बसले नव्हते. शहरात कोणीही उठून कोणालाही पकडत होतं. जुने हिशेब चुकते करणारेही त्यात होते. पहिल्या वर्षात तीन लाख माणसं आत गेली, हा तांग यांचा स्वतःचा अंदाज. तीस दिवसांसाठी बोलावलेल्यांच्या संख्येवरून त्यांनी तो बांधलाय आणि माझ्या माहितीत कोणीही महिन्यानं परत आलं नाही, असं ते लिहितात.

१५ मार्च १९७६ ला हंगामी सरकारनं दोन फर्मानवजा कायदे काढले. एक अटक, कोठडी, अंगझडती आणि घरझडतीबद्दल, दुसरा गुन्हे आणि शिक्षांबद्दल. अटक कोणी करायची, कोणाच्या हुकमानं, किती दिवस ठेवायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. सात वर्षांच्या मंत्रिपदात कायद्याच्या भाषेत उमटलेली ही या सरकारची ठळक खूण. पण पुनर्शिक्षणाला गेलेल्यांना त्याचा उपयोग शून्य. त्यांच्यावर खटलाच नव्हता. कागदोपत्री त्यांना अटक झालेलीच नव्हती. ते शिकायला गेले होते!

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. एकीकरण झालं तेव्हा दोन्हीकडची खाती एकमेकांत मिसळली. दक्षिणेचं आरोग्य उत्तरेच्या आरोग्यात, शिक्षण शिक्षणात. न्याय कशात मिसळणार? उत्तर व्हिएतनामनं आपलं न्याय मंत्रालय १९६० मध्येच मोडीत काढलं होतं. न्यायालयं, सरकारी वकिली आणि पक्ष यांच्यात ते काम वाटून टाकलं होतं. त्याच १९६० मध्ये, आघाडीची स्थापना झाली त्याच वर्षी! एकत्रित देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळात न्याय मंत्रालय नव्हतं. ते पुन्हा उभं राहिलं १९८१ मध्ये. देशाची दंडसंहिता १९८५ ची, तोवर दक्षिणेतली ती मार्च १९७६ ची फर्मानं चालू राहिली.

तांग यांचं खातं कोणी हिसकावलं नाही, हे मला यात दिसतं. ज्या राज्यासाठी ते लढले त्या राज्याच्या रचनेत ती खोलीच काढलेली नव्हती. जंगलात खुर्ची होती, कारण जगाला दाखवायला पूर्ण मंत्रिमंडळ लागतं.

तांग यांना हनोईच्या सरकारात अन्न खात्याचं उपमंत्रिपद देऊ केलं गेलं. त्यांनी नाकारलं. त्याच जुलैत सायगॉनच्या रेक्स नाचघरात आघाडीच्या आणि हंगामी सरकारच्या मंडळींचं निरोपाचं जेवण झालं. तीसेक जण आले. तांग त्या रात्रीचं वर्णन मयताच्या जेवणासारखं करतात.

‘गरज सरो, वैद्य मरो’ एवढ्यावर इथे काम भागलं असतं, पण प्रकरण इतकं सोपं नाही, कारण सगळेच बाजूला पडले नाहीत. न्गुयेन थी बिन्ह एकत्रित देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या आणि १९९२ ते २००२ उपराष्ट्राध्यक्ष होत्या. आघाडीचे अध्यक्ष न्गुयेन हू थो उपराष्ट्राध्यक्ष झाले, १९८०-८१ मध्ये काही काळ कार्यवाहक राष्ट्राध्यक्षही. फात उपपंतप्रधान. दक्षिणेचे म्हणून कोणाला डावललं, असं या यादीकडे पाहून म्हणता येत नाही. फरक दुसरीकडे आहे. फात १९४० पासून पक्षात होते, थो १९४९ पासून. आघाडीचा तोंडवळा तटस्थ वकिलाचा आणि वास्तुविशारदाचा, पण सभासदत्व जुनं. तांग यांच्याकडे तोंडवळा होता, आतल्या गोटातली जागा नव्हती. आपण ज्यांच्यासोबत पंधरा वर्षं एका ताटात जेवलो, ते दुसऱ्या पंगतीतले आहेत, हे त्यांना ताटं उचलल्यावर कळलं.

ऑगस्ट १९७८ मध्ये तांग पत्नीसह एका होडीतून निघाले आणि इंडोनेशियाला पोचले. तिथून पॅरिस, जिथे तीसेक वर्षांपूर्वी बटाटे सोलले होते. त्या होड्यांमधले बहुतेक लोक ज्या राजवटीपासून पळून जात होते, ती आणण्यात सहप्रवाशाचा हात होता. बाहेर पडल्यावर त्यांनी ते झाकलं नाही, ही त्यांची जमेची बाजू.

डॉक्टर

सभासदत्वाचं माझं अनुमान जिथे तोकडं पडतं, ते नाव आहे डॉ. दुओंग क्विन होआ. त्या तांग यांच्याच वर्तुळातल्या, पॅरिसला शिकलेल्या, बड्या घरच्या. आणि त्या पक्षात होत्या, तांग यांच्यासारख्या काठावर नव्हत्या. जंगल त्यांनी भोगलं, मूल गमावलं. विजयानंतर त्यांना पद मिळत होतं, टिकतही होतं. १९७९ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. कारभार, भ्रष्टाचार, दडपशाही याबद्दल परदेशी पत्रकारांसमोरही मोकळेपणानं बोलल्या. देश मात्र सोडला नाही. हो ची मिन्ह शहरात कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं.

जंगलातल्या त्या वर्षांत अमेरिकेनं फवारलेल्या रसायनांतलं डायॉक्सिन त्यांच्या रक्तात निघालं. जानेवारी २००४ मध्ये ही रसायनं बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांवर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला, तेव्हा फिर्यादींमध्ये हंगामी क्रांतिकारी सरकारच्या माजी आरोग्यमंत्र्यांचं नाव होतं. मार्च २००५ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पुढच्या वर्षी त्या गेल्या.